बेळगावात जुनी इटालियन गाडी घ्यायचीय? नवख्यांसाठी सुरुवातीपासून

नव्या बुलेटला जेवढे पैसे पडतात, साधारण तेवढ्यात आज टर्बो इंजिनाची इटालियन गाडी दारात उभी करता येते. फियाट लिनिआ टी-जेट, १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ११४ हॉर्सपॉवर. हायवेवर पाचव्या गिअरमध्ये पाय नुसता दाबला तरी ती ज्या तऱ्हेनं पुढं झेपावते, ते एकदा अनुभवलं की माणूस रात्री जाहिराती चाळत बसतो. निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव या पट्ट्यातली कितीतरी पोरं सध्या त्याच अवस्थेत आहेत. हा लेख त्यांच्यासाठी.

भाव इतका का पडला, हे आधी समजून घ्या. फियाटनं आपल्या नावाच्या गाड्या भारतात विकणं बंद केलं आणि १ एप्रिल २०२० ला बीएस-६ चे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर तो विषयच संपला. शोरूम गेली, त्यांच्याबरोबर लोकांचा विश्वास गेला. ‘पार्ट मिळत नाहीत’ हे वाक्य गावोगावी पोचलं आणि चांगल्या गाड्यांचेही भाव कोसळले. म्हणजे तुम्हाला जी सवलत मिळते, ती लोकांच्या भीतीमुळं. ही भीती अर्धी खरी आहे आणि अर्धी नाही. कुठला अर्धा भाग खरा आहे ते ज्याला कळलं, त्यानं ही गाडी खुशाल घ्यावी.

कूपेचा विषय आधी मिटवू

फोनवर युरोपातले व्हिडिओ बघून अनेकांना दोन दारांची इटालियन कूपे हवी असते. १९९३ ते २००० या काळात निघालेली फियाट कूपे, तिचं पाच सिलिंडरचं २२० हॉर्सपॉवरचं टर्बो इंजिन, नाहीतर अल्फा रोमिओची जीटीव्ही. तिकडं त्या वर्षानुवर्षं मातीमोलानं विकल्या गेल्या, कारण दुरुस्तीचं बिल गाडीच्या किमतीपेक्षा मोठं व्हायचं. आपल्याकडं त्या येणं शक्य नाही. वापरलेली गाडी परदेशातून आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडं लागतं आणि कस्टम ड्यूटी वेगळी. पंचवीस वर्षांची कूपे या नियमात बसत नाही. त्यामुळं ‘गोव्यातून इंपोर्टेड कूपे स्वस्तात काढून देतो’ असं कुणी म्हणालं तर तिथंच विषय थांबवा.

पण कूपेकडं माणूस ज्यासाठी ओढला जातो, ते चार दारांतही मिळतं. रस्ता हातात जाणवून देणारं स्टिअरिंग, वळणावर न डगमगणारी बांधणी, आणि इंजिनाला थोडं पळवलं की येणारी मजा. पुंतो आणि लिनिआ यांना शेवटपर्यंत हायड्रॉलिक स्टिअरिंग होतं. आजच्या बहुतेक गाड्यांत इलेक्ट्रिक असतं; ते हलकं असतं, पण चाकाखाली काय चाललंय ते हाताला सांगत नाही. चोर्ल्याच्या घाटात हा फरक पहिल्या तीन वळणांत कळतो.

कुठली गाडी कुणासाठी

जुन्यापासून सुरू करतो. प्रीमियर पद्मिनी ही मुळातली फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार व्हायची. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, मागची चाकं ओढणारी. आपल्या भागात डॉक्टर, वकील, तंबाखूचे व्यापारी यांच्या दारात ही असायची, आणि अजून काही वाड्यांच्या पडवीत आच्छादन घालून उभी आहे. ती छंद म्हणून घ्या, रोजच्या कामाला नको. तिचं इंजिन साधं आहे. खरा खर्च पत्र्याचा. खालचा तळ, दाराखालच्या पट्ट्या आणि चाकांवरच्या कमानी गंजल्या असतील तर इंजिन कितीही गोड वाजू दे, सोडून द्या.

२००१ ला आलेली पॅलिओ १.६ ही माझी लाडकी. १०० हॉर्सपॉवर, सोळा व्हॉल्व्ह, त्या काळात आपल्याकडच्या छोट्या गाडीत एवढी ताकद कुणी देत नव्हतं. सचिन तेंडुलकरच्या नावाची एस-१० आवृत्ती फक्त ५०० गाड्यांची होती, म्हणून स्टिकर बघून जादा पैसे मोजू नका. कागदावर काय लिहिलंय ते बघा. पॅलिओ पेट्रोल पिते, हे खरं आहे. आणि आता तिचं वय वीसच्या पुढं गेलंय, त्यामुळं काच-दार-बंपर असे बाहेरचे पार्ट मिळवणं जिकिरीचं आहे.

२००९ ला लिनिआ आली, त्याच वर्षी ग्रांदे पुंतो. दोन्ही पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातल्या. नवख्यानं पहिली गाडी घ्यायची तर मी डोळे झाकून पुंतो किंवा लिनिआ १.३ मल्टिजेट डिझेल सांगतो. कारण हे १२४८ सीसीचं इंजिन एकट्या फियाटचं राहिलं नाही. मारुतीनं परवाना घेऊन तेच स्विफ्टमध्ये घातलं, टाटांनी व्हिस्टा आणि मांझामध्ये. त्या कुळाचं इंजिन न उघडलेला मेस्त्री बेळगावात सापडणं अवघड. सगळे पार्ट एकमेकांना बसत नाहीत, बाहेरची जोडणी वेगळी असते, पण इंजिनाच्या आतलं दुखणं ओळखणारा माणूस प्रत्येक तालुक्यात आहे. घरात एकच गाडी असेल, तिच्यावर म्हातारी माणसं दवाखान्यात न्यायची असतील, तर या एका इंजिनाच्या पलीकडं जाऊ नका.

टी-जेट आणि अबार्थ पुंतो (अबार्थ हे फियाटच्या वेगवान गाड्यांचं नाव) ज्यांना गाडी चालवण्याचं वेड आहे त्यांच्यासाठी. अबार्थ पुंतो २०१५ ची, १४५ हॉर्सपॉवर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. इथं एक खाचखळगा आहे. साध्या पेट्रोल पुंतोचं १.४ इंजिनही १३६८ सीसी आणि अबार्थचंही १३६८ सीसीच. त्यामुळं आरसी कार्डावरचा सीसीचा आकडा काहीच सांगत नाही. अबार्थची ओळख असलेली विंचवाची चिन्हं बाजारात सुटी मिळतात, त्यांवर जाऊ नका. आरसीवर मॉडेलचं पूर्ण नाव वाचा, मागच्या चाकांना डिस्क आहे का बघा, बॉनेट उघडून टर्बो डोळ्यांनी बघा.

मेस्त्री आधी, गाडी नंतर

हा क्रम चुकवू नका. बहुतेक लोक गाडी आणतात आणि मग ती कोण दुरुस्त करील ते शोधत फिरतात. बेळगावच्या कारखान्यांच्या भागातला, उद्यमबागेतला एक जाणता मेस्त्री प्रत्येकाला एकच सांगतो, “गाडी आणायच्या आधी मला फोन करा की ओ, आणल्यावर कशाला करता?”

या बाबतीत आपलं नशीब चांगलं आहे, आणि त्यामागं सव्वाशेहून जास्त वर्षांचा इतिहास आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते बेळगावात. उद्योग पुढं किर्लोस्करवाडीला गेला, पण यंत्राला हात घालण्याची रीत इथं रुजली. आज उद्यमबागेत, मच्छ्याच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्री आहेत, लेथ आहेत, हायड्रॉलिक्सची कामं चालतात. तिकडं कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर दोन-सव्वादोन तासांवर. बुशिंग मिळालं नाही तर नमुना देऊन ते वळून घेता येतं. सिलिंडर बोअर करणं, हेडचं फेसिंग, क्रँक ग्राइंडिंग, अल्टरनेटर भरून घेणं, रेडिएटर उघडून साफ करणं, ही कामं इथं रोज होतात आणि मोठ्या शहरापेक्षा कमी पैशांत होतात. मोठ्या शहरात ज्या गाडीला ‘पार्ट नाही, भंगारात द्या’ म्हणतात, ती इथं लेथवर जगते. जुन्या इटालियन गाडीसाठी आपला भाग चांगला आहे असं मी म्हणतो ते याच जोरावर.

जे लेथवर होत नाही ते म्हणजे वायरिंग आणि कंप्युटर. पुंतो-लिनिआच्या जमान्यात दिवे, काचा, लॉक, मीटर हे सगळं एका बॉडी कंप्युटरवर चालतं. तो बिघडला की साधा इलेक्ट्रिशियन गोंधळतो. म्हणून मेस्त्री शोधताना दोन प्रश्न विचारा: मल्टिजेट कधी उघडलंय का, आणि फियाटचं स्कॅनिंग कुठं करता? साधा स्कॅनर इंजिनाचे कोड दाखवतो, बाकीचं त्याला दिसत नाही. फियाटसाठी ‘मल्टीईसीयूस्कॅन’ नावाचं सॉफ्टवेअर आहे, लॅपटॉप आणि एका केबलवर चालतं. ते वापरणारा माणूस ओळखीचा असला की निम्मं काम झालं. २००७ च्या पुढं काही वर्षं फियाट आणि टाटा एकाच छताखाली विकल्या जात होत्या, त्यामुळं टाटाच्या जुन्या वर्कशॉपमधून बाहेर पडून स्वतःचं गॅरेज काढलेले मेस्त्री या गाड्या चांगल्या ओळखतात. जीप ही फियाटच्याच घरातली, त्यामुळं जीपच्या वर्कशॉपमधूनही फियाटची कामं होतात, पण त्यासाठी कोल्हापूर, हुबळी किंवा गोव्याची वाट धरायची तयारी ठेवा आणि आधी फोनवर विचारा.

पैशांची वाटणी

अडीच लाख जमवले असतील तर अडीच लाखांची गाडी बघू नका. दीड, फार तर पावणेदोन लाखांची बघा. उरलेले पैसे पहिल्या वर्षासाठी बँकेत राहू द्यात. या गाड्या विकणारा माणूस बहुतेक वेळा मोठा खर्च पुढ्यात दिसला म्हणून विकत असतो: क्लच, सस्पेन्शन, टायर, एसी. हे सगळं तुमच्या वाट्याला येणार हे गृहीत धरून भाव करा. ज्यानं नुकतंच हे काम बिलासकट करून घेतलंय आणि नाइलाजानं विकतोय, त्याच्या गाडीला वीस-तीस हजार जादा द्यायला मी आनंदानं सांगेन. दोन पुंतो समोर असतील, एक चकाचक पॉलिश केलेली पण बिलं नसलेली, दुसरी ओरखडे पडलेली पण बिलांची फाइल असलेली, तर दुसरी घ्या.

गाडी कुठली, हेही बघा

नंबर प्लेट वाचायला शिका. केए-२२ बेळगाव, केए-२३ चिकोडी, केए-२४ बैलहोंगल, केए-४९ गोकाक. पलीकडं एमएच-०९ कोल्हापूर, एमएच-१० सांगली, एमएच-०७ सिंधुदुर्ग. गाडीनं कुठलं हवामान खाल्लंय हे त्यावरून कळतं. गोवा आणि सिंधुदुर्गातली गाडी स्वस्त दिसते, पण खारी हवा पत्र्याला आतून खाते. ती रॅम्पवर चढवून खालून बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. जांबोटी, कणकुंबी भागातली गाडी मीठ खात नाही, पण चार महिने ओली असते. तिच्यात फ्यूज बॉक्स, वायरिंगचे जोड आणि पायाखालच्या गालिच्याचा वास तपासा. उसाच्या पट्ट्यात, चिकोडी-अथणीकडं, उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतात. पुणे-बेंगळूरची गाडी कोरडी असते, मात्र ट्रॅफिकमध्ये क्लच घासलेला असतो.

दिल्लीच्या गाड्याही इकडं येतात. तिथं दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल चालवायला बंदी आल्यामुळं त्या तिथं कवडीमोलानं मिळू लागल्या आणि दलाल त्या दक्षिणेत आणू लागले. तो नियम दिल्ली परिसरापुरता आहे, आपल्याकडं लागू नाही. पण एवढ्या लांबून आलेल्या गाडीचा मालक तुम्हाला भेटत नाही, आणि मालकाशी दहा मिनिटं बोलल्याशिवाय गाडी घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

बघायला जाताना

सकाळी जा, आणि आदल्या दिवशीच सांगून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागला तर चहा घ्या, गप्पा मारा, दोन तास थांबा.

थंड इंजिन सुरू होताना जे ऐकू येतं ते नंतर येत नाही. मल्टिजेटला टायमिंग बेल्ट नसतो, साखळी असते. लोक म्हणतात साखळी आयुष्यभर चालते. ऑइल वेळेवर बदललं तर चालतेही. ऑइल काळं-घट्ट होईपर्यंत ओढलेल्या गाडीत साखळी ताणली जाते आणि सुरू होताना क्षण-दोन क्षण खडखड येते. ती ऐकली तर साखळीचा पूर्ण संच बदलण्याचे पैसे भावातून कापा, नाहीतर उठून या. पेट्रोल गाड्यांत, म्हणजे १.२, १.४ आणि टी-जेटमध्ये, रबरी टायमिंग बेल्ट असतो. कधी बदलला याचं बिल नसेल तर बदललाच नाही असं समजा. बेल्ट, टेन्शनर आणि पाण्याचा पंप एकदमच बदलायचे.

मग धूर. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा, गोडसर वासाचा आणि गाडी गरम झाल्यावरही न थांबणारा म्हणजे कूलंट आत जातंय. डिझेलचा थोडा काळा धूर जोरात रेस केल्यावर येतो, त्याला घाबरू नका. ऑइलचं झाकण उघडून खाली सायीसारखा थर आहे का बघा. कूलंटच्या टाकीत रंगीत द्रव हवा. तिथं नळाचं गढूळ पाणी दिसलं तर मालकानं गाडी कशी ठेवली ते तिथंच कळलं.

चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी अंक अंक जुळवा. डिकीतलं स्टेपनीचं चाक उचला. खालचा पत्रा सुरकुतलेला, नव्यानं वेल्डिंग केलेला असेल तर मागून धडक बसलीय. बॉनेटचे बोल्ट रंग उडालेले असतील तर पुढचं काम झालंय. त्यात वाईट काही नाही, फक्त ते तुम्हाला सांगितलं होतं का, हा प्रश्न आहे.

आतलं रबरासारखं मऊ प्लॅस्टिक चिकट झालं असेल, यूएसबी चालत नसेल, काचेच्या बटणाला दोनदा दाबावं लागत असेल, तर ते सोडून द्या. या सगळ्या गाड्यांना ते होतंच. एसी मात्र सोडू नका. तो दुरुस्त करायला निघालं की एकेक भाग वाढत जातो.

चालवून बघायचा रस्ता

गल्लीत एक चक्कर म्हणजे चालवून बघणं नव्हे. बेळगावात गाडी असेल तर मी असा रस्ता सांगतो. आधी खडेबाजार, नंतर गोवावेस, भर गर्दीत. एसी चालू, पहिला-दुसरा गिअर, सतत क्लच. तापमानाचा काटा मध्यावर येऊन थांबला पाहिजे आणि पंखा सुरू होऊन बंद झालेला ऐकू आला पाहिजे. मग टिळकवाडीचं रेल्वे गेट. रुळांवरून हळू जाताना पुढून टकटक आली तर लोअर आर्म, बुश किंवा लिंक रॉड गेलेत. हे पुंतो-लिनिआचं नेहमीचं दुखणं आहे, भयंकर नाही. स्टिअरिंग जागेवर डावी-उजवीकडं हलवताना कटकट आली तर मात्र रॅककडं बघा; तो खर्च मोठा.

त्यानंतर हायवे. काकती ओलांडून वंटमुरी घाटापर्यंत जा. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज वाढला पण गाडी त्या मानानं पुढं गेली नाही, तर क्लच प्लेट संपलीय. टर्बो गाडीत ओढ एका जागी येऊन अडकली, किंवा शिट्टीचा आवाज भोंग्यासारखा झाला, तर पाइप फुटलाय किंवा टर्बो थकलाय. निपाणीच्या बाजूला असाल तर तवंदीचा घाट याच कामाला येतो. उतारावर ब्रेक दाबताना हँडल थरथरतं का ते बघा. सरळ रस्त्यावर हात सैल सोडून गाडी एका बाजूला जाते का बघा.

परत आल्यावर इंजिन बंद न करता दहा मिनिटं उभी ठेवा, एसी चालू ठेवून. मग खाली वाकून बघा. एसीचं पाणी पडलं तर चालेल, तेलाचा थेंब नको. आता बंद करून लगेच पुन्हा सुरू करा. गरम असताना सेल्फ नीट लागला पाहिजे.

कागद: सीमेवरच्या माणसाला इथं जास्त लक्ष द्यावं लागतं

आपलं घर बेळगावात, बहीण चंदगडला, कंपनी शिनोळीत, लग्नं कोल्हापुरात. त्यामुळं एमएच-०९ ची गाडी घेणं आपल्याला पलीकडच्या गल्लीत जाण्याइतकं सोपं वाटतं. कायद्याला ते तसं वाटत नाही.

दोघंही कर्नाटकातले असाल तर सोपं आहे. फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, दोघांच्या सह्या, विमा, पीयूसी, ओळखपत्रं. विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत. नंबर तोच राहतो.

महाराष्ट्रातली गाडी बेळगावात वापरायची असेल तर विकणाऱ्याला फॉर्म २८ भरून तिथल्या आरटीओची एनओसी काढावी लागते, आणि विकल्याचं ४५ दिवसांत कळवावं लागतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी फॉर्म २७, आणि कर्नाटकाचा लाइफटाइम टॅक्स. आपला हा कर देशातल्या सर्वांत जड करांपैकी आहे. नव्या गाडीला तो किमतीच्या १३ टक्क्यांपासून सुरू होतो. जुन्या गाडीला वयाप्रमाणे टक्केवारी कमी होते, पण हिशेब गाडीच्या मूळ किमतीवर होतो, तुम्ही दिलेल्या किमतीवर नाही. दीड लाखाला घेतलेली, एकेकाळी नऊ लाखांना आलेली लिनिआ असेल तर नाकापेक्षा मोती जड होऊ शकतो. म्हणून भाव ठरवायच्या आधी चिकोडी किंवा बेळगावच्या आरटीओत जाऊन त्या मॉडेलचा, त्या वर्षाचा टॅक्स किती बसेल ते विचारून या. महाराष्ट्रात भरलेल्या करातला उरलेला भाग परत मागता येतो, पण ते पैसे हातात येईपर्यंत धीर लागतो. तो आकडा हिशेबात धरू नका.

‘चंदगडच्या पाहुण्याच्या नावावर ठेवतो, टॅक्स वाचेल’ असा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. ऐकू नका. अपघात झाला तर दाव्याच्या नोटिसा नावावर असलेल्या त्या पाहुण्याच्या घरी जाणार, विम्याची कंपनी प्रश्न विचारणार, आणि एका स्वस्त गाडीपायी नात्यात कटुता येणार. गाडी ज्या गावात राहणार तिथलाच कागद करा.

आपल्या भागात सोसायट्या आणि सहकारी बँकांची कर्जं गाडीवर सर्रास असतात. कर्ज फिटलेलं असतं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच राहतं. फॉर्म ३५ वर बँकेची सही आणि शिक्का मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आरसीची मुदत, उरलेले ई-चलान आणि विमा एम-परिवहन ॲपवर आधीच बघून घ्या. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसलीय का तेही बघा.

पंधरा वर्षं झालेल्या गाडीची आरसी पाच वर्षांसाठी वाढवावी लागते, फॉर्म २५ भरून आणि गाडी तपासणीला नेऊन. २०२२ पासून याची फी ५,००० रुपये झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला १०,००० रुपये. वर हरित कर. मुदत संपलेली पॅलिओ स्वस्त मिळाली तर हा खर्च तिच्या किमतीत मिळवून मग स्वस्त आहे का ते ठरवा. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या.

घरी आणल्यावर

पहिल्या आठवड्यात मेस्त्रीकडं सोडा. इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, गिअर ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, सगळं नवीन. विकणारा कितीही म्हणू दे की आत्ताच बदललंय. मल्टिजेट आणि टी-जेटला चांगल्या दर्जाचं सिंथेटिक ऑइलच घाला आणि दहा हजार किलोमीटरच्या पुढं ओढू नका. कंपनीनं जास्त सांगितलं असलं तरी या गाड्या आता जुन्या झाल्यात. हायवेवरून पळवून आणलेली टर्बो गाडी लगेच बंद करू नका; मिनिटभर आयडलवर राहू द्यात, टर्बोला ऑइल मिळत राहतं.

पेट्रोल गाडी, विशेषतः पॅलिओ किंवा पद्मिनी असेल, तर पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदलून घ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि जुन्या काळातलं रबर त्यासाठी बनलेलं नाही. ते आतून भुसभुशीत होतं, गळतं, आणि गरम इंजिनावर पेट्रोल टपकणं म्हणजे आगीशी गाठ. हा खर्च हजारांतला आहे, लाखांतला नाही. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी पूर्ण भरून ठेवा, नाहीतर पाणी साठतं. पद्मिनीच्या पत्र्याच्या टाकीत त्यानं गंज धरतो.

पावसाळ्याआधी, मे महिन्यात, तीन कामं करा. खालून गंजरोधक मारून घ्या. वायपरखालच्या खोबणीतला पालापाचोळा काढा. तिथलं पाणी निचरलं नाही की ते फ्यूज बॉक्सकडं आणि केबिनमध्ये वाट शोधतं. आणि बॅटरीच्या आर्थिंगची वायर काढून, घासून, ग्रीस लावून परत बसवा. फियाटच्या निम्म्या विजेच्या तक्रारी, म्हणजे मीटर बंद पडणं, वाट्टेल ते दिवे लागणं, याच खराब आर्थिंगमुळं असतात. कंप्युटर बदलायला सांगणाऱ्याला पैसे द्यायच्या आधी हे पंधरा मिनिटांचं काम करून बघा.

पार्टचा साठा करायचा तो थोडकाच. क्लच, फिल्टर, बेल्ट, ब्रेक पॅड यांची आत्ता चिंता नाही, पुण्या-मुंबईच्या दुकानांतून कुरिअरनं दोन-चार दिवसांत येतात. चिंता आहे ती बाहेरच्या वस्तूंची. हेडलाइट, आरसे, दाराचे हँडल, काच वर-खाली करणारी यंत्रणा, स्विच. हे भंगारात निघालेल्या गाडीतून स्वस्तात मिळाले की घेऊन माळ्यावर ठेवा. दोन्ही बाजूंचे हेडलाइट आणि पुढच्या दारांची काचेची यंत्रणा एवढं हाताशी असलं की आणखी पाच-सात वर्षांची सोय होते.

वंगण, पाइप आणि आर्थिंग एवढं झालं की पहिले हजार किलोमीटर आपल्याच भागात फिरवा. लांबच्या प्रवासाला घाई नको. खानापूर, संकेश्वर, निपाणी, मग आंबोली. दर वेळी आल्यावर ऑइलची पातळी, कूलंटची पातळी आणि गाडीखालची जागा बघून वहीत लिहून ठेवा. हजार किलोमीटरमध्ये पातळी हलली नाही, तर ती गाडी घेऊन तुम्ही बेंगळूरलाही जाऊ शकता.